इंग्रजीतला ‘पेपर’ आणि आपला पेपर : या चुका टाळा

पेपर सकाळी दारात पडतो, दहावीचा असतो, अवघड जातो, कधी फुटतो. शब्द इंग्रजीतून आला, पण त्याला क्रियापदं आपण मराठी जोडली. इंग्रजी बोलताना तीच क्रियापदं शब्दशः भाषांतर करून वापरली की अर्थ भलतीकडे जातो.

सगळ्यात जास्त घोळ परीक्षेच्या वाक्यात होतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं असतं : विद्यार्थी एक्झाम ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतात. ‘आय गेव्ह अ पेपर यस्टरडे’ हे भारतात समजून घेतलं जाईल. परदेशी प्राध्यापकाला मात्र त्यातून ऐकू येईल की तुम्ही काल परिषदेत शोधनिबंध वाचलात. मुलाखतीत हा गैरसमज चांगलाच महागात पडू शकतो. त्यामुळे ‘आय टुक अॅन एक्झाम’ म्हणा. ब्रिटिश वळणाला ‘सॅट’ही चालतं. पेपर काढणं म्हणजे ‘सेट’ (‘टेक आउट’ नव्हे), तपासणं म्हणजे ब्रिटनमध्ये ‘मार्क’ आणि अमेरिकेत ‘ग्रेड’, फुटणं म्हणजे ‘लीक’.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ‘द पेपर इज ड्यू ऑन फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी परीक्षा नाही, त्या दिवशी लेखी निबंध जमा करायचा आहे. अभ्यास करत बसलात आणि लिहिलं काहीच नाही, तर गुण गेलेच.

आता कागद. कागद या अर्थी ‘पेपर’ मोजता येत नाही. ‘गिव्ह मी टू पेपर्स’ म्हटलं तर समोरचा दोन वर्तमानपत्रं आणेल. कोरे कागद हवे असतील तर ‘टू शीट्स ऑफ पेपर’ म्हणा. चिटोरं असेल तर ‘पीस’. जास्त हवे असतील तर ‘रीम’ मागा, म्हणजे ५०० कागद. आणि ‘ब्रिंग युअर पेपर्स’ असं कार्यालयातून सांगितलं, तर कोरे कागद न्यायचे नाहीत, कागदपत्रं न्यायची.

‘अ’ हे एक अक्षरही अर्थ फिरवतं. ‘व्हाइट पेपर’ म्हणजे पांढरा कागद, पण ‘अ व्हाइट पेपर’ म्हणजे बहुधा श्वेतपत्रिका, सरकारने धोरण मांडणारा दस्तऐवज. ब्रिटनमध्ये त्याआधी अनेकदा चर्चेसाठी ‘ग्रीन पेपर’ काढतात. दोन्हींत कागदाच्या रंगाचा अर्थ घेऊ नका.

‘इन’ आणि ‘ऑन’ यांतही हात घसरतो. बातमी ‘इन द पेपर’ येते. ‘ऑन पेपर’ म्हणजे कागदोपत्री : योजना ‘ऑन पेपर’ उत्तम दिसते, प्रत्यक्षात अडते. ‘ऑन द पेपर’ म्हणजे समोरच्या त्या कागदावर. ‘आय रेड इट ऑन पेपर’ म्हटलं तर पडद्यावर नाही, छापील कागदावर वाचलं, एवढंच कळतं. वर्तमानपत्र त्यात कुठेच येत नाही.

उच्चाराची एक चूक देवनागरीमुळे लपून राहते. कागदाचा पेपर आणि मिरीचा पेपर आपण सारखेच लिहितो, त्यामुळे बोलतोही सारखेच. हॉटेलात पेपर डोसा आणि पेपर चिकन शेजारी छापलेले असतात; पहिला कागदासारखा पातळ, दुसरं मिरी घातलेलं. मिरीच्या शब्दात ‘पे’ आखूड आहे, ‘पेन’मधल्यासारखा. कागदाच्या शब्दात तो लांबतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकतो, जसा ‘डे’ (दिवस) किंवा ‘पे’ (पगार) म्हणताना. टेबलावर मिरी मागून कागदी रुमाल समोर आला, तर ‘पे’ लांबला होता असं समजा आणि ‘पेन’ मनात धरून पुन्हा म्हणा.