लैंगिक संसर्ग : तपासणी केव्हा करावी, कंडोम कसा वापरावा

लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गांच्या बाबतीत लोक फसतात ते मुख्यतः लक्षणांवर विसंबून राहिल्यामुळे. क्लॅमिडिया किंवा परमा (गोनोरिया) हे जिवाणूंचे संसर्ग झालेल्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, काहीच जाणवत नाही. तरीही उपचाराविना राहिलेला हा संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्वाला कारण ठरू शकतो. उपदंश, म्हणजे बोलीतली गरमी, त्याहून फसवी आहे. तिचा पहिला व्रण सहसा दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत औषधाशिवायही भरून येतो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि रोग मात्र आत तसाच राहतो.

म्हणून जोखमीचा संबंध आला असल्यास लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी, पण दुसऱ्याच दिवशी केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवू नये. एचआयव्हीचा निष्कर्ष पक्का मानण्यासाठी संबंधानंतर प्रयोगशाळेतील प्रतिजन-प्रतिपिंड चाचणीत (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेले घटक शोधणाऱ्या) सुमारे ४५ दिवस, तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या झटपट चाचणीत ९० दिवस जावे लागतात. एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या प्रतिबंधक औषधांसाठी मात्र इतके थांबून चालत नाही. ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

कंडोम वापरताना आधी मुदत पाहावी आणि पाकीट दातांनी न फोडता कडेने फाडावे. टोक चिमटीत दाबून आतली हवा काढावी आणि जननेंद्रियांचा पहिला स्पर्श होण्यापूर्वीच तो ताठर लिंगावर मुळापर्यंत उलगडावा. तो उलगडत नसेल तर उलटा ठेवला गेला आहे असे समजून टाकून द्यावा. पालथा करून पुन्हा वापरणे, ही सर्रास होणारी चूक, टाळावी. लॅटेक्सच्या कंडोमसोबत तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये, कारण त्याने रबर कमकुवत होते. स्खलनानंतर ताठरपणा जाण्यापूर्वी कंडोमची कड धरून लिंग बाहेर काढावे.

हर्पिस (फोड आणणारा विषाणू) आणि एचपीव्ही (चामखीळ व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांना कारण ठरणारा विषाणू) हे कंडोमबाहेर उघड्या राहिलेल्या त्वचेतूनही पसरत असल्याने तिथे कंडोमचे संरक्षण अपुरे पडते. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांवर लस आहे, ती घ्यावी.

निदान झाल्यास जोडीदारालाही तपासणी व उपचार मिळायला हवेत, अन्यथा तोच संसर्ग पुन्हा परततो. क्लॅमिडियावर एका मात्रेचे औषध घेतल्यावर दोघांनीही ७ दिवस संबंध टाळावेत. सांगताना “माझ्या तपासणीत क्लॅमिडिया निघाला आहे, तूही तपासून घे” एवढे पुरते. तो कोणाकडून कोणाला झाला हा वाद बहुधा निष्फळ ठरतो, कारण हा संसर्ग लक्षणाविना महिनोन्महिने अंगात राहू शकतो.