डेबोरा कारचे सिनेमे बघायचेत? मग या क्रमाने बघा

जुन्या इंग्रजी सिनेमांतली नटी डेबोरा कार म्हटलं की 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'मधला समुद्राच्या लाटांमधला तो किस, बाकी काही नाही, तेवढी क्लिप बघायची आणि पुढे जायचं, असंच बहुतेकजण करतात. प्लीज असं करू नका. १९२१ साली ग्लासगोत जन्मलेली ही बाई सगळं आतल्या आत दाबून धरायची आणि तरी आपल्याला कळायचं तिच्या मनात काय चाललंय, ते क्लिपमध्ये हाती लागत नाही, अख्खा सिनेमाच बघायला लागतो. (स्पेलिंगवरून केर वाटतं पण उच्चार कार.)

पहिला 'ब्लॅक नार्सिसस' लावा, १९४७ चा. हिमालयातल्या एका जुन्या राजवाड्यात शाळा-दवाखाना काढायला गेलेल्या नन्स आणि त्यांची प्रमुख सिस्टर क्लोडा म्हणजे डेबोरा. शूटिंगला हिमालयात कुणीच गेलं नव्हतं, सगळं इंग्लंडमध्येच, बरंचसं पाइनवूड स्टुडिओत, मागचे डोंगर चक्क रंगवलेले! जॅक कार्डिफला याच्या कॅमेऱ्यासाठी ऑस्कर मिळालंय, त्यामुळे रिस्टोअर केलेली प्रिंटच शोधा, रंग उडालेली बघण्यात अर्थ नाही. एक सीन मात्र दोनदा बघा. त्यातलीच एक नन, सिस्टर रूथ, लाल ड्रेस घालून समोर बसते आणि मुद्दाम, सावकाश लिपस्टिक लावते, आणि इकडे डेबोरा मेणबत्तीच्या उजेडात बायबल उघडून बसते. केस झाकलेले, अंगभर पांढरा झगा, अ‍ॅक्टिंगला उरलाय फक्त चेहरा, आणि तेवढ्यात ती घाबरलीय पण जागची हलणार नाही हे दोन्ही दिसतं.

मग मागे जा, १९४३ चा 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प'. यात तिचे तीन रोल आहेत, तीन वेगवेगळ्या काळातल्या तीन बायका, आणि वय तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस. लावण्याआधी लांबी बघून घ्या, १६३ मिनिटं पाहिजेत, याच्या कापलेल्या कॉप्या बऱ्याच फिरल्यात.

नंतर हॉलिवूड. 'क्वो वाडिस' वगैरे भव्य प्रकार सवडीने बघा, आधी १९५३ चा 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'. किस झाल्यावर थांबू नका, खरा सीन तिथून सुरू होतो. हिरो बर्ट लँकेस्टर तिला आधीच्या पुरुषांवरून टोचतो आणि मग ती आपलं बाळ कसं गेलं ते सांगते, त्या वाळूतच. 'द किंग अँड आय'मध्ये गाण्यांचा आवाज बराचसा मार्नी निक्सनचा आहे, पण श्वास, ओठ, मान सगळं इतकं जुळलंय की आपल्याला तर लता-आशांच्या गाण्यांमुळे सवयच आहे, काही खटकणार नाही.

'द इनोसंट्स' (१९६१) रात्रीच बघा, लाइट बंद करून, आणि मोबाइलवर अजिबात नको, फ्रेम खूप रुंद आहे आणि भीती कडेच्या अंधारात आहे. सुरुवातीला काळ्या स्क्रीनवर नुसतं गाणं ऐकू येतं, फाइल बिघडली समजून बंद करू नका.

माझा सगळ्यात लाडका 'द सनडाउनर्स', १९६०. ऑस्ट्रेलियात मेंढरं हाकत गावोगाव फिरणाऱ्याची बायको, धुळीने माखलेली. स्टेशनात ट्रेन थांबते, खिडकीत एक नटलेली बाई पावडर लावत असते, दोघींची नजरानजर होते, एक शब्द नाही. या रोलला सहावं नॉमिनेशन मिळालं, ऑस्कर तेव्हाही नाहीच! १९९४ ला मानाचं म्हणून दिलं, फार उशिरा दिलं.

शेवटी 'द आसाम गार्डन' (१९८५) ठेवा, मोठ्या पडद्यावरचा तिचा शेवटचा सिनेमा. आसामातल्या चहाच्या मळ्यावरून इंग्लंडला परतलेल्या नवऱ्याची बाग त्याच्या मागे सांभाळणारी एकटी म्हातारी, आणि शेजारची भारतीय बाई म्हणून मधुर जाफरी. फारसं कुणी बघत नाही, पण आधीचे सगळे बघून झाले असतील तर तो सोडू नका.