राडारोडा उचलायला कुणाला द्यायचा?
बाथरूम फोडलं की राडारोडा निघतोच, आणि कोपऱ्यावरचा ट्रॅक्टरवाला लगेच स्वस्तात नेतो म्हणतो. पण भावा, टाकणार कुठं ते आधी विचार. "टाकतो की कुठंतरी" म्हटला तर सोडून दे, ते कुठंतरी म्हणजे आपल्या कोल्हापुरात पंचगंगेचा काठ नायतर जयंती नाल्याची कड, मग पावसाळ्यात पाणी तुंबलं की बोंबलणार आपणच. २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांपासून जबाबदारी ज्याच्या घरचा राडा त्याचीच धरलीय, रस्त्यात गटारीत टाकायचाच नाही. म्हणून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारायचं, परवानगीचा कागद बघायचा, गाडी नंबरचा फोटो काढायचा, पावतीवर जागा लिहून घ्यायची. सगळे पैसे आधी देऊ नको. प्लास्टिक, लाकूड वेगळं काढ, भंगारवाला नेतोय.