व्हर्निअर आधी पुसा: मंदीत नोकरी शोधताना

माझ्या टेबलाच्या खणात एक बिघडलेला व्हर्निअर, म्हणजे जाडी-व्यास मोजायचं जबड्यांचं हत्यार, असतो. जबडे पूर्ण मिटले तरी शून्याऐवजी 0.06 मिमी दाखवतो. मुलाखतीला आलेल्या पोरासमोर मी तो आणि एक बुश (धातूची छोटी नळी) ठेवतो आणि म्हणतो, "बाहेरचा व्यास सांग." बहुतेक जण लगेच बुश जबड्यात धरतात, डोळे बारीक करतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. गेल्या जूनमध्ये आलेल्या एकानं आधी खिशातला रुमाल काढून जबडे पुसले. मग ते मिटवून ट्यूबलाइटकडे धरले, फटीतून उजेड दिसतो का ते बघितलं आणि म्हणाला, "सर, हा 0.06 जास्त दाखवतोय. वजा करून सांगू, का दुसरा देताय?"

रेझ्युमे बाजूला ठेवून मी चहा मागवला.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. एका इन्स्पेक्टरच्या जागेला आजकाल दीडशेच्या वर अर्ज येतात आणि त्यातले निम्मे एकाच दुकानात टाइप केल्यासारखे असतात. पुढे जे सांगतोय ते मात्र साहेबाच्या खुर्चीत बसून शिकलेलो नाही. 2019 च्या सप्टेंबरात मीच टेबलाच्या पलीकडे होतो.

त्या वर्षी वाहन उद्योगाचं काय झालं ते चाकण, भोसरीवाल्यांना सांगायला नको. ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा 31 टक्क्यांहून जास्त पडली. फायनान्स कंपन्यांनी कर्जाचा हात आखडता घेतला होता आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं होतं. मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवला, की त्यांना पार्ट देणाऱ्यांच्या प्रेस थंड. आधी कॉन्ट्रॅक्टची पोरं गेली, मग ट्रेनी, मग आमच्यासारखे अकरा वर्षं काढलेले.

पहिले दोन महिने मी जे केलं ते करू नका. रोज सकाळी नाश्ता झाला की मोबाइल घेऊन बसायचो आणि नोकरी डॉट कॉमवर दिसेल तिथे 'अप्लाय' दाबायचो. तीनशेच्या वर अर्ज गेले असतील. फोन आले चार. त्यातले दोन 'रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा' म्हणणारे. (नोकरी देणारा पैसे मागत नाही. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, गणवेशाचे पैसे, कुठल्याही नावानं मागितले तरी फोन ठेवून द्या.)

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. त्यानं माझा रेझ्युमे वाचला आणि विचारलं, "मामा, पण तुम्ही तिथे करायचा काय?" अकरा वर्षांचं काम दोन पानांत मांडलं होतं आणि पोराला त्यातून काही कळलं नव्हतं. मी लिहिलं होतं: इनप्रोसेस इन्स्पेक्शन, फायनल इन्स्पेक्शन, रिजेक्शन कंट्रोल, हार्ड वर्किंग, टीम प्लेअर. वरचं माझं नाव पुसून त्या जागी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं.

मग त्याला तोंडी सांगायला लागलो, तो लिहून घेत गेला. त्यातून पहिली ओळ अशी निघाली:

"सीट ब्रॅकेटचं 8 मिमीचं भोक लहान येऊन पार्ट परत येत होते. पंच झिजला की भोक लहान होतं आणि बर वाढते, हे तीन महिन्यांच्या नोंदींवरून दाखवलं. दर 5,000 स्ट्रोकला पंच तपासणं चालू केलं. रिजेक्शन 2.1 टक्क्यांवरून 0.6 वर आलं."

(पंच म्हणजे भोक पाडणारं हत्यार, बर म्हणजे भोकाच्या कडेला उठणारी धार.) अशा चार ओळी लिहा. काय बिघडलं होतं, ते कशावरून कळलं, तुम्ही काय केलं, आकडा कुठून कुठे गेला. अकाउंट्समध्ये असाल तर जीएसटीचा किती दिवस न जुळणारा हिशेब जुळवला ते. स्टोअरमध्ये असाल तर कुठला माल किती वर्षं पडून होता आणि तो कसा हलवला ते. आकडा मोठा असायची गरज नाही, खरा असावा. कारण समोरचा तिथेच बोट ठेवणार. "तीन महिन्यांच्या नोंदी कशावर केल्या?" या प्रश्नाला मी वही, तारीख, शिफ्ट सगळं सांगू शकत होतो. इंटरनेटवरून उचललेला आकडा दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो, आणि मग बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

एक पथ्य पाळा. जुन्या कंपनीची ड्रॉइंग, गिऱ्हाइकाचे पार्ट नंबर, लाइनचे फोटो दाखवू नका. एक जण मोबाइलवर जुन्या कंपनीचं ड्रॉइंग मोठं करून मला दाखवत होता. हुशार होता, पण उद्या माझं ड्रॉइंग तो कुणाला दाखवेल, हेच डोक्यात घोळत राहिलं.

आता फ्रेशरांचं. "आमच्याकडे आकडे कुठून येणार?" हे मी प्रत्येक कॉलेजच्या पोराकडून ऐकतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बऱ्याच जणांनी विकत घेतलेला असतो हे आम्हाला माहीत असतं, त्यामुळे तो वाचलाही जात नाही. ओळखीच्या कुणाचं वर्कशॉप असेल तर तिथे एक दिवस बसा. एकाच पार्टचे 50 नग मोजा, त्यांचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठलं माप किती वेळा आलं त्याचा आलेख, काढा, कुठल्या बाजूला सरकलाय ते लिहा. एक दिवसाचं काम आहे. दीडशे अर्जांत असा कागद मला आजवर दोनदाच दिसला आणि दोन्ही पोरांना मी बोलावलं. अप्रेंटिसशिप मिळत असेल तर कमी विद्यावेतनाकडे बघून नाक मुरडू नका. मशीनला हात लावलेला आणि न लावलेला माणूस पाच मिनिटांत ओळखू येतो.

रेझ्युमे एका पानाचा ठेवा. वडिलांचं नाव, धर्म, छंद: वाचन, क्रिकेट, हे सगळं काढा. फाइलला स्वतःचं नाव आणि काम द्या. 'रेझ्युमे फायनल न्यू 2' नावाच्या फाइली आमच्या एचआरच्या संगणकात ढिगानं आहेत. नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल आठवड्यातून एकदा तरी उघडून काहीतरी दुरुस्त करत राहा. आमच्या एचआर मॅडम शोधताना आधी 'अलीकडे अ‍ॅक्टिव्ह' असलेलेच बघतात, सहा महिने न उघडलेलं प्रोफाइल त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आणि ट्रूकॉलरवर तुमचं नाव काय दिसतं ते एकदा मित्राच्या फोनवरून तपासा. एका उमेदवाराला मॅडमनी फोन लावला तर स्क्रीनवर 'भाईचा लाडका'. फोन लावला त्यांनी, पण ऑफिस दिवसभर हसत होतं.

आता ज्यामुळे मला खरोखर नोकरी लागली ती गोष्ट. मंदीत जागा निघतात, पण त्या साइटवर यायच्या आधीच भरल्या जातात. मग त्या आधी कुणाला कळतात? मी विचार करायचो मॅनेजरला, एचआरला. कळतात त्या गेज कॅलिब्रेट करणाऱ्याला, म्हणजे मोजायची साधनं बरोबर दाखवतात का ते तपासणाऱ्याला. त्याला आठवड्यात दहा कंपन्या फिरायच्या असतात. कुठे नवीन गेज आले, कुठे लाइन वाढतेय, कुठला इन्स्पेक्टर नोटीसवर आहे, हे त्याला चहा पिता पिता कळतं. तसंच मशीन दुरुस्त करायला येणारा सर्व्हिस इंजिनिअर. कंपनीनं नवीन प्रेस घेतली म्हणजे ती चालवायला आणि तिचा माल तपासायला माणूस लागणारच. टेम्पोवाला सांगतो कुणाचा माल वाढलाय. कँटीनचा कॉन्ट्रॅक्टर सांगतो कुठे ताटं वाढली.

या लोकांची यादी करा. तुमच्या धंद्यात ते वेगळे असतील: सीएच्या ऑफिसात शिकणारा आर्टिकल, औषध कंपनीचा स्टॉकिस्ट, शाळेला पुस्तकं पुरवणारा. त्यांच्याकडे नोकरी मागू नका. ते देऊ शकत नाहीत आणि उगाच अवघडतात. माहिती मागा. मी आमच्या जुन्या कॅलिब्रेशनवाल्याला फोन केला आणि एवढंच म्हणालो, "दादा, तुमच्या फिरतीत कुठे काम वाढलेलं दिसतंय का?" तो म्हणाला, "ऑटोत नाही बघा. पण पॅनेलवाल्यांकडे या महिन्यात तीन नवीन हाइट गेज दिलेत."

पॅनेल म्हणजे विजेच्या स्विचगिअरचे पत्र्याचे कपाट. मी तोवर ऑटोच्या बाहेर बघितलंच नव्हतं. मंदी सगळ्या धंद्यांना एकाच दिवशी लागत नाही. गाड्या खपत नव्हत्या तेव्हाही कुठेतरी सबस्टेशन उभं राहत होतं. पत्रा तोच, पंच तोच, बर तीच. भाषा तेवढी वेगळी. म्हणून दोन संध्याकाळी एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर मित्राकडे जाऊन बसलो. कपाटात धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा आयपी 54 म्हणजे काय ते शिकलो: पहिला आकडा, 5, धुळीसाठी, दुसरा, 4, पाण्याच्या शिंतोड्यांसाठी. पावडर कोटिंगची जाडी मायक्रॉनमध्ये कशी मोजतात, दाराचं गास्केट, म्हणजे फट बुजवणारी रबरी पट्टी, नीट बसलंय का ते कसं बघतात. फार नाही, पण मुलाखतीत प्रश्न कळण्यापुरतं.

तिथल्या प्लँट हेडनं पहिलंच वाक्य टाकलं, "ऑटोवाले आमच्याकडे टिकत नाहीत, मार्केट सुधारलं की पळतात." मी शपथा घेतल्या नाहीत. म्हणालो, "सर, मी आधीच्या ठिकाणी अकरा वर्षं होतो. बाहेर तुमचं जे पॅनेल उभं आहे त्याच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात गास्केटचा जोड आलाय. पाणी तिथूनच आत जाईल, जोड वरच्या बाजूला घेता आला तर बघा." ते उठून बाहेर बघायला गेले. परत आल्यावर पगाराचं बोलणं सुरू झालं.

म्हणून मुलाखतीला अर्धा तास आधी जा आणि डोळे उघडे ठेवा. गेटवर, रिसेप्शनच्या काचेत, पार्किंगमध्ये ठेवलेल्या ट्रॉलीत बरंच दिसतं. फक्त चूक दाखवताना तोऱ्यात दाखवू नका. "तुमचं हे चुकलंय" आणि "असं करता आलं तर बघा" यांत नोकरीएवढं अंतर आहे.

मधल्या बेकारीबद्दल कुणी विचारलं तर सरळ सांगा. "सप्टेंबर 2019 मध्ये ऑर्डर कमी झाल्या, आमच्या डिपार्टमेंटचे सहा जण कमी केले, त्यात मी होतो." संपलं. तारखा पुढेमागे करू नका. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते आणि एचआर ती बघते. जुन्या कंपनीनं तिथे 'सोडल्याची तारीख' भरली आहे का हे मात्र आधीच तपासून घ्या, नाहीतर नव्या ठिकाणी अडकाल. जुन्या साहेबाला शिव्या घालणारा उमेदवार पुढच्या वर्षी मला घालणार, हे मी गृहीत धरतो.

ज्यांचा पगार 21,000 पर्यंत होता आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जायचा, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी ईएसआयच्या ऑफिसात करावी. नोकरी गेल्यावर तीत 90 दिवसांपर्यंत भत्ता मिळत आलाय, ती आत्ता चालू आहे का ते तिथेच विचारा. आधी सरासरी पगाराच्या 25 टक्के होता, 2020 मध्ये 50 टक्के केला. माझ्याबरोबर गेलेल्या दोन इन्स्पेक्टरांना ही योजना आहे हेच माहीत नव्हतं. घरभाड्याची चिंता थोडी हलकी झाली की माणूस मुलाखतीत कमी गयावया करतो, आणि ते समोरच्याला दिसतं.

पगाराचं माझं स्वतःचं फार चांगलं जमलेलं नाही, त्यामुळे एवढंच सांगतो: सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च, ऐकून हो म्हणू नका, "हातात किती" ते विचारा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. मी 38,000 वरून 34,000 वर आलो. फेब्रुवारी 2020 मध्ये रुजू झालो आणि पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागलं. चार हजारांसाठी अडून बसलो असतो तर काय झालं असतं, यावर बायको अजून अधूनमधून बोलते.

मुलाखतीनंतर तीन-चार दिवसांनी एक फोन किंवा मेसेज करा. रोज नको. "नमस्कार मॅडम, मंगळवारी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी भेटलो होतो. बुशचा जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर नंतर नीट काढलं, सोबत पाठवतोय." असा मेसेज मला एकदाच आलाय. त्या पोराचं उत्तर मुलाखतीत चुकलं होतं, तरी त्याचा नंबर मी जपून ठेवलाय.

आणि तो रुमालवाला? जुलैच्या एक तारखेला रुजू झाला. दुपारी माझ्या खणातून काहीतरी आणायला पाठवला, तर परत येताना तो व्हर्निअरही घेऊन आला. "सर, हा चुकून कुणी लाइनवर नेईल," म्हणाला आणि त्याला लाल टॅग लावून स्क्रॅपच्या पेटीत टाकला. पुढच्या मुलाखतीसाठी मला आता दुसरा बिघडलेला शोधायला लागणार.