मृत्युपत्राला आव्हान द्यायचंय? आधी सहीचा दिवस पकडा

वडील गेल्यावर मृत्युपत्र निघतं आणि दादरची जागा एकाच भावाला दिलेली असते. घरात सगळे म्हणतात, "त्यांना काही कळत नव्हतं, याने सही करून घेतली." कोर्टात हे दोन वेगळे मुद्दे आहेत. वडील भानावर होते हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने सिद्ध करायचं. दबाव किंवा फसवणूक झाली असं तुम्ही म्हणत असाल, तर ते तुम्ही सिद्ध करायचं. मात्र मृत्युपत्राभोवतीची परिस्थितीच संशयास्पद असेल, तर तो संशय दूर करणं मृत्युपत्र मांडणाऱ्याच्याच अंगावर येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय.

प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) अर्ज मुंबई उच्च न्यायालयात असेल, तर सायटेशन, म्हणजे त्या अर्जाची कोर्टाची नोटीस, हातात पडल्यापासून 14 दिवसांत कॅव्हेट (हरकतीची नोंद) आणि कॅव्हेट दाखल केल्यापासून 8 दिवसांत हरकतीची कारणं मांडणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बरेच जण इथेच घसरतात: "दबाव टाकला" एवढंच लिहून मोकळे होतात. कोणी, कधी, कुठे, काय बोलून दबाव टाकला, हा तपशील हवा. नुसती विनवणी किंवा सेवा करून मन जिंकणं म्हणजे दबाव नव्हे. मृत्युपत्र करणाऱ्याची स्वतःची इच्छाच चालेनाशी झाली, हे दिसायला हवं.

खरी मेहनत कागदांत आहे. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, संपूर्ण केसपेपर मागा. त्यात सर्वांत मोलाचा नर्सचा चार्ट: तासातासाची नोंद, कोणतं औषध किती वाजता दिलं, रुग्ण नाव-जागा-दिवस सांगत होता का. सही दुपारी चारची आणि तीन वाजता लोराझेपाम किंवा मॉर्फिनसारखं गुंगी आणणारं औषध दिल्याची नोंद असेल, तर उलटतपासणीला मुद्दा मिळाला. रक्तातलं सोडियम 135च्या (नेहमीची किमान पातळी) बरंच खाली असेल, तर गोंधळ, बरळणं होऊ शकतं. तो रिपोर्टही काढा. घाई करा: 2002च्या वैद्यकीय नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायचे असतात, पुढे ते मिळतीलच असं नाही. नाकारले, तर कोर्टाकडून समन्स काढून मागवा.

"डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता" एवढ्याने काम होत नाही. सहा महिने आधीचं निदान सहीच्या दिवसाबद्दल गप्प असतं, आणि अधूनमधून भानावर येणारा माणूस त्या वेळेत मृत्युपत्र करू शकतो, हे कायद्यालाच मान्य आहे. आपली मिळकत कोणती, जवळचे कोण, आपण कोणाला काय देतोय, एवढं त्याला कळत होतं का, हा प्रश्न आहे.

मग साक्षीदार. दोघांच्या सह्या लागतात. हयात असलेल्यांपैकी किमान एकाला कोर्टात उभं करावंच लागतं. त्याला विचारा: तुम्हाला कोणी बोलावलं? वकिलाची फी कोणी दिली? डॉक्टरांचं सर्टिफिकेट कोणी आणलं? सगळ्यांचं उत्तर ज्याला जागा मिळाली तोच निघाला, तर कोर्ट कान टवकारतं. सर्टिफिकेट देणारे डॉक्टर नेहमीचे नसतील, तर त्यांनी रुग्णाला कधी, किती वेळ, काय विचारून तपासलं, तेही सोडू नका. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे म्हणून दबून जाऊ नका; दुय्यम निबंधकाचा शिक्का संशय आपोआप पुसत नाही. उलट, तुम्हाला वगळलं एवढंच कारण असेल, तर केस लंगडी आहे. वारसांचा नेहमीचा क्रम बदलण्यासाठीच लोक मृत्युपत्र करतात.