सेंट्रोसोम मोजताना या चुका टाळा

रत्नागिरी असो, मालवण की वेंगुर्ला, एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की मुलं हमखास विचारतात, "सर, पीएलके४ अडवलं, तरी सेंट्रोसोम दिसतायतच. औषध खराब आहे का?"

सेंट्रोसोम म्हणजे पेशीतल्या सूक्ष्मनलिकांचं केंद्र; त्याच्या आत सेंट्रिओल नावाच्या छोट्या नळ्या असतात. पीएलके४ हे नवे सेंट्रिओल बनवायला लागणारं कायनेज, म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम. औषधाला दोष देण्याआधी थोडा हिशेब करा. सेंट्रिनोन हे औषध पीएलके४ला रोखतं, म्हणजे नवा सेंट्रिओल बनू देत नाही; जुने मात्र तसेच राहतात. जी१मधल्या, म्हणजे विभाजनानंतरच्या पहिल्या टप्प्यातल्या पेशीत दोन सेंट्रिओल असतात. नवे न बनता ती विभागली की प्रत्येक पेशीला एक मिळतो, आणि त्यापुढच्या विभाजनात एकीला एक, दुसरीला शून्य. त्यामुळे एका दिवसात शून्याची अपेक्षा धरू नका. पी५३ हे पेशीचक्र थांबवणारं प्रथिन शाबूत असेल तर सेंट्रोसोम गमावलेल्या पेशी जी१मध्येच थांबतात. पेशींची प्लेट विरळ दिसते ती त्यामुळे, लगेच विषबाधा समजू नका.

सेंट्रिओल मोजायचे तर सेंट्रिन हे त्यांच्यातलं प्रथिन रंगवा. गॅमा-ट्युब्युलिन या सेंट्रिओलभोवतीच्या प्रथिनावरून सेंट्रोसोम कळतो, आतले सेंट्रिओल नाहीत. आणि पेशी चक्राच्या कुठल्या टप्प्यात आहे हे नोंदवलं नसेल, तर माझ्या मते तो आकडा वहीत लिहूच नये.

सगळी कायनेजं एका माळेत ओवणं ही दुसरी चूक. नेक२ हे सेंट्रोसोम एकमेकांपासून सोडवणारं कायनेज अडवलं की दोन सेंट्रोसोम एकमेकांना बिलगून राहतात. द्विगुणन, म्हणजे एकाचे दोन होणं, झालेलंच असतं. पीएलके१ हे कायनेज मायटोसिसमध्ये, म्हणजे विभाजनात, सेपरेज या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमसोबत आई-मुलगी (जुना-नवा) सेंट्रिओल सुटे करतं, तेव्हाच पुढच्या द्विगुणनाची परवानगी मिळते. सीडीके२ या पेशीचक्र चालवणाऱ्या कायनेजचं महत्त्व खरं, पण ते नसलेले उंदीरही जगतात, म्हणून "त्याच्याशिवाय द्विगुणन अशक्य" असं लिहू नका.

पीएलके४ स्वतःवरच फॉस्फेट लावून स्वतःच्या नाशाची सोय करतं. त्याची मात्रा वाढली की सुरंगीच्या वळेसरात कळ्या दाटतात तसे एका आईभोवती अनेक सेंट्रिओल उगवतात. मात्र पेशी विभागता विभागता अडली तरी संख्या वाढते. तेव्हा सीईपी१६४ हे प्रथिनही रंगवा. ते प्रौढ सेंट्रिओलवरच बसतं. जी१मधल्या पेशीत असे प्रौढ एकाहून जास्त आणि केंद्रकंही दोन दिसली, तर पीएलके४ऐवजी अडलेल्या विभाजनाचा संशय घ्या.

पावसाळ्यात वीज गेली की इन्क्युबेटर ३७ अंशांवरून उतरतो आणि पेशीचक्र मंदावतं. कंट्रोलची (औषध न दिलेली) प्लेट त्याच इन्क्युबेटरमध्ये, त्याच वेळी ठेवलेली हवी. वीज किती वेळ नव्हती तेही वहीत लिहा.