मिड-बजेट गेमिंग पीसी जोडताय? या चुका टाळा, खान्देशात तर नक्कीच

बारावीची परीक्षा संपली की माझा फोन वाजायला लागतो. "काय भो, पीसी जोडायचाय, लिस्ट टाकतो, बघ ना जरा." लिस्ट येते आणि दरवेळी तीच असते. प्रोसेसर भारी, ग्राफिक्स कार्ड बरं, लाइटवाले सहा फॅन, आणि सगळ्यात खाली एक ओळ, कॅबिनेट विथ एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा कॅबिनेटसोबत फुकटात. बस, तिथेच माझं डोकं फिरतं. साठ-सत्तर हजार काही कमी पैसे नाहीत, आपल्याकडे कितीतरी घरात कापसाचा नाहीतर केळीचा हिशोब आल्यावरच ते हातात येतात, आणि ते पैसे फोटोत काय दिसेल यावर खर्च होताना बघून वाईट वाटतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

फुकटातला एसएमपीएस

याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हे माझ्या घरात घडलंय.

माझा मावसभाऊ पारोळ्याजवळच्या गावात राहतो. त्याला लिस्ट मीच करून दिली होती. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० कार्ड, बी५५० बोर्ड, आणि चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस. दुकानात गेल्यावर दुकानदार म्हणाला, कशाला एवढे पैसे घालतो, कॅबिनेटमध्ये ४५० वॅटचा आहेच की. पोराला ते पटलं, आणि वाचलेल्या पैशात त्याने पुढून काच असलेलं कॅबिनेट घेतलं. मला सांगितलंच नाही. महिना-दीड महिना चाललं पण सगळं मस्त.

मग मे महिन्यात एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आपल्याकडे येते तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "दादा, कॉम्प्युटर चालूच नही व्हई राह्यना." मी गाडी काढून गेलो. कॅबिनेट उघडलं तर जळका वास अजून आत होता. एसएमपीएस गेला होता आणि जाताना बोर्ड आणि एसएसडी सोबत घेऊन गेला होता. कार्ड वाचलं, ते आमचं नशीब. एसएसडीवर त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. काका काही बोलले नाहीत, नुसते दारात उभे राहून बघत होते, ते मला अजून आठवतं.

तो एसएमपीएस मी हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. आता हे नीट वाचा, कारण हेच बहुतेकांना माहीत नसतं. डब्यावर ४५० लिहिलंय म्हणून ४५० वॅट मिळतात असं नाही. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळजवळ सगळी ताकद त्याच लाइनवरून घेतात. त्याच्यावर १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. ४०६० एकटं ११५ वॅटपर्यंत खातं, ५६०० साधारण ७५ च्या आसपास, झाले की १९०, आणि बोर्ड, फॅन, एसएसडी अजून बाकीच आहेत. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच जागी ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॅट. फरक हाताच्या अंतरावर छापलेला असतो, वाचायचा कोणी?

अजून एक. ८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड हे शिक्के फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात. आतलं सामान चांगलं आहे की नाही, ओव्हर व्होल्टेज झालं तर तो स्वतः बंद पडेल की बोर्डाला घेऊन मरेल, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. म्हणून मी वॉरंटी बघतो. पाच वर्षं देत असतील तर घेतो, एक वर्ष देत असतील तर हात लावत नाही. माझी सवय अशी की लिस्ट लिहिताना पहिल्या ओळीवर एसएमपीएस लिहायचा आणि त्याचे पैसे बाजूला काढून ठेवायचे, मग उरलेल्यात बाकीचं.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्या काही "थोडंफार चालतं" मधल्या नाहीत. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधला बारीक करंट बॉडीवर येतो, त्याला जमिनीत जायला वाटच नसते. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा जोड लावून पीसी चालवणारी घरं मी अमळनेरपासून रावेरपर्यंत बघितलीत. वायरमनला बोलवा, मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते नीट करून घ्या, पीसी आठ दिवस उशिरा आला तरी चालेल. गावात मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, रात्री बंद झाल्या की चढतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, मग पीसी घेताना विसरतो कसं?

यूपीएसचंही तेच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही, बहुतेक यूपीएसवर ते ३६० वॅटच असतात. साधं काम चालू असेल तर ठीक, पण गेम चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी जुनी असेल तर तो एक बीप करून बसतो. मी १००० किंवा ११०० व्हीए सांगतो, आणि तो गेम सेव्ह करून पीसी बंद करायला असतो, मॅच पूर्ण करायला नाही.

"पण आय-सेव्हन आहे ना!"

ही दुसरी चूक, आणि हिचा मला खरंच राग येतो. पंधरा-अठरा हजारात "आय-सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी, लाइटवाला" अशी जाहिरात दिसते आणि पोरं वडिलांना घेऊन थेट पोचतात. चाळीसगावच्या एका पोराने असाच घेतला, मग माझ्याकडे आणला की व्हॅलोरंट गेम का चालत नाही ते बघा. उघडून बघितलं तर आय-सेव्हन ३७७०. हा प्रोसेसर २०१२ चा आहे. बोर्ड एच६१, रॅम डीडीआर३, आणि त्यावर कसातरी टाकलेला विंडोज ११. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या दोन सोयी मागतं, आणि टीपीएम २.० तर त्या बोर्डाच्या जन्मात नव्हतंच. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय ३७७० च्या तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स२ (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक संच) नाही, ते इंटेलने चौथ्या पिढीपासून दिलं, आणि काही नवे गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत.

नावातला ३, ५, ७ बघू नका, पिढी बघा. २०२२ चा आय-थ्री १२१००एफ घ्या, त्यालाही चारच कोअर आणि आठ थ्रेड, अगदी ३७७० सारखेच, पण गेममध्ये तो या म्हाताऱ्या आय-सेव्हनच्या खूप पुढे आहे. आणि जुन्यातून पुढे जायचं तर काहीच कामाला येत नाही. रॅम वेगळी, बोर्ड वेगळा, सॉकेट वेगळं. त्या पोराला मी शेवटी सांगितलं, एसएसडी तेवढी काढून ठेव, बाकीचं जे मिळेल त्याला दे. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. वर्षभर पैसे जमवले होते.

असाच सापळा कार्डात पण आहे. आरटीएक्स ३०५० एक ८ जीबीचं आहे, एक ६ जीबीचं. लोकांना वाटतं फरक फक्त मेमरीचा. तसं नाही, ६ जीबीवाल्यात कोअर पण कमी (२५६० ऐवजी २३०४) आणि मेमरीचा रस्ता पण अरुंद, १२८ बिटऐवजी ९६. नाव तेच, माल वेगळा. आरएक्स ५८० घेताना पुढे २०४८एसपी लिहिलंय का बघा, असेल तर ते खरं म्हणजे ५७० च आहे. जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर समोर लावून, कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून, अर्धा तास गेम चालवून घ्या. समोरचा म्हणाला टाइम नाही, तर आपल्यालाही टाइम नाही, परत या.

ऊन, कापूस आणि कूलर

यूट्यूबवर जे टेम्परेचर दाखवतात ते २०-२२ डिग्रीच्या एसी खोलीतलं असतं. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ च्या पुढे जातं आणि पत्र्याच्या नाहीतर स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ४० असतात. खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसर आणि कार्ड वर जातं. तिकडे ७० दिसणारा ५६०० इथे ९० ला टेकतो, ९० त्याची मर्यादा आहे, आणि मग तो स्वतःच स्पीड कमी करतो. पोरं म्हणतात गेम अडकतो, कार्ड खराब आहे. कार्ड खराब नाही, कॅबिनेटला नाक नाही.

म्हणून पुढून बंद काचेचं कॅबिनेट इथे घेऊच नका. कितीही सुंदर दिसू द्या. पुढे जाळी पाहिजे, दोन फॅन आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, जाळीमागे धुळीचा फिल्टर. तीन फॅन पुरतात, सहा लाइटवाले नको. फॅनच्या ज्या बाजूला मधली मोटर धरणाऱ्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, हे एवढं बघून लावलं तरी उलटे लागत नाहीत. पाण्याचा कूलर या बजेटमध्ये नको, तो पण खोलीच्या तापमानाखाली काही नेऊ शकत नाही, एक चांगला टॉवर कूलर घ्या. मी स्वतः मे महिन्यात आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणतो आणि फ्रेम सेकंदाला १०० वर बांधतो, खेळताना फरक कळत नाही आणि कार्ड शांत राहतं.

आता डेझर्ट कूलर. तो प्रत्येक घरात असतो आणि पोरं पीसी त्याच्या तोंडासमोरच ठेवतात, थंड राहील म्हणून. अरे त्या हवेत पाणी असतं! आपलं बोरचं पाणी किती जड आहे ते कूलरच्या जाळीवरच्या पांढऱ्या थरावर दिसतं. तोच थर मी बोर्डाच्या पिनांवर बघितलाय. कूलर तुमच्याकडे, पीसी बाजूला, आणि खिडकी उघडी, एवढंच.

साइडचं पॅनल काढून ठेवणं हा पण उपाय नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला, त्यात घर जिनिंगजवळ असलं, की बारीक तंतू फॅनमध्ये अडकून नमदा तयार होतो, आणि उघड्या कॅबिनेटमध्ये पाल शिरते. मी दोन महिन्यांतून एकदा पीसी गच्चीवर नेऊन ब्लोअर मारतो, मारताना फॅनचं पातं बोटाने धरायचं, सुसाट फिरवायचं नाही, त्याने बेअरिंग जातं.

बाकीच्या पटपट

एचडीएमआय बोर्डाला लावू नका, कार्डाला लावा. हसू नका, महिन्यातून एक फोन याचाच असतो.

रॅमची १६ जीबीची एक कांडी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत हे मान्य, पण म्हणून एका कांडीवर अर्धा वेग घालवायचा का.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलाय का ते एकदा बघा.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल तर त्यात स्वतःचा डिस्प्ले नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काही येत नाही, ५६०० मध्ये पण नाही. कार्ड नंतर घेणार असाल तर आधी याचा विचार करा. ५६००जी मध्ये डिस्प्ले आहे, पण त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली मेमरी) अर्धी आहे, १६ एमबी.

जुन्या बी४५० बोर्डावर ५६०० टाकायचा तर बायोस अपडेट आहे का ते दुकानातच विचारा. नवीन घेताय आणि पुढे वाढवायचंय तर थोडे पैसे साठवून एएमडीच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि प्रोसेसर घ्या, त्याला डीडीआर५ च लागते. घाई असलेल्यांना हे पटत नाही. दोन महिने थांबायचं म्हटलं की चेहरा पडतो, आणि मग दोन वर्षांनी सगळंच बदलतात.

कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढा. प्रोसेसरवर लावायची पेस्ट वाटाण्याएवढी.

कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी बोर्डाच्या खोक्यावरच प्रोसेसर, रॅम, कूलर, कार्ड आणि एसएमपीएस लावून एकदा चालू करून बघा. पाच मिनिटं लागतात. न करता सगळं आवळून, वायरी बांधून मग डिस्प्ले येत नाही म्हणून रात्री बाराला फोन करणारे खूप आहेत.

आणि बिल. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, "बिलाशिवाय हजार कमी" ला भुलू नका. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा, पण प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर पाहिजे. आपल्याकडे कितीतरी कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर गावात नाही, कार्ड कुरिअरने बाहेर पाठवावं लागतं, आणि तेव्हा ओरिजिनल खोकं आणि आतला फोम लागतो. तोवर आईने दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला दिलेलं असतं. माझ्या मावसभावाच्या घरी आता सगळी खोकी माळ्यावर धान्याच्या कोठीशेजारी आहेत, वर मार्करने "देऊ नका" लिहिलंय, आणि बिलाचा फोटो त्याच्या, काकांच्या आणि माझ्या, तिघांच्या फोनमध्ये आहे.